दादाच्या नावाचे तीन हप्ते

माझी वहिनी कवळ्या करते. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचे माप घेऊन तिच्याकडे पाठवतात. त्या मापावरून प्लॅस्टरचा साचा, साच्यावर गुलाबी मेण, मेणात एकेक दात, असे करत करत कवळी तयार होते. ओळखीपाळखीचे सगळे तिला 'दातवाल्या वहिनी' म्हणतात. तिला त्याचे काही वाटत नाही. नवीन माणूस भेटला की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघते आणि तो वळला की माझ्या कानात सांगते, "वरचे चार त्याचे स्वतःचे नाहीत बरं का."

हे काम मुळात माझ्या दादाचे. तो साचे ओतायचा, तयार कवळी घासून चकचकीत करायचा. दात बसवायची मात्र ती. दादाचा हात जड होता.

"तुम्ही दात बसवलेत तर माणूस हसेल आणि समोरचा रडेल," असे ती म्हणायची.

"म्हणून तर तुला लग्न करून आणलं. पगारी माणूस परवडत नव्हता," असे दादा म्हणायचा.

दिवसभर त्या दोन खोल्यांत हे चालायचे. मी पलीकडच्या गल्लीत राहते, त्यामुळे येता-जाता डोकवायची. दार उघडले की मेणाचा वास आणि यांची भांडणे एकदमच बाहेर यायची.

मागच्या वर्षी पावसाने जोर धरला त्या सुमारास, पहिला हप्ता भरून झाल्यावर, दादा गेला. साचा ओतून झाला, हात धुतले, खुर्चीत टेकला आणि पुन्हा उठलाच नाही. देवाने त्याला झिजवले नाही, एवढे मी रोज हात जोडून म्हणते. वहिनी ते ऐकून घेते. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

घर माणसांनी भरलेले असतानाच ती उठून कामाच्या खोलीत गेली. मला वाटले, एकटीने रडायला गेली असेल. पाठोपाठ गेले तर ती दादाने ओतलेल्या त्या साच्यावर मेण चढवत होती. "कुणा आजोबांचं माप आहे," ती म्हणाली. "नुसतं पातळ पिऊन आहेत गं ते." रडली ती नंतर, कवळी पोचती झाल्यावर.

आता कराची गोष्ट सांगते, कारण पुढचे सगळे रामायण त्यावरूनच घडले.

नोकरी करणाऱ्याचा कर पगारातून कापून जातो, त्याला पत्ताही लागत नाही. स्वतःचा धंदा असला की तसे नसते. वर्ष संपायची वाट न बघता, यंदा कमाई किती होईल याचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजाने कर आधीच हप्त्याहप्त्याने भरत जायचे. हप्ता कमी पडला किंवा राहिला, तर त्याच्या तारखेपासून दंड चढू लागतो. व्याज चढते तसा. आणि प्रत्येक हप्त्याचा दंड निराळा मोजतात. धंदा दादाच्या नावावर, कराचा नंबरही दादाचा, पण बँकेत जाऊन भरणा करायची वहिनी. दादाला रांगेचा कंटाळा. तो नंबर तिला तोंडपाठ होता, स्वतःचा कुठे ठेवलाय हे तिला आठवत नसे.

दादा गेल्यावरही हप्त्याची तारीख आली की ती बँकेत गेली आणि दर वेळसारखा भरणा करून आली. असे वर्षाचे उरलेले तिन्ही हप्ते तिने भरले. एकही तारीख चुकवली नाही. म्हणून वर्ष संपल्यावर दंडाची नोटीस आली, आणि तीही तिच्या नावाची, तेव्हा ती माझ्या दारात आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"माझ्या नावानं काय म्हणून? मी कुणाचं काय खाल्लंय?"

"त्यांच्याकडूनच काहीतरी घोळ झाला असेल."

"झाला असेल तर निस्तरतील. चल तू माझ्याबरोबर."

आम्ही कर सल्लागार बाईंकडे गेलो. चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे. बाई वयाने लहान, माझ्या लेकीएवढ्या, पण बोलणे समजुतीचे. त्यांनी दोन्ही नंबरांची खाती काढून बघितली आणि पेन खाली ठेवले.

"काकू, काका गेले त्या दिवसापर्यंतची कमाई काकांची. त्यानंतरची तुमची. जागा तीच, काम तेच, पण कायद्याच्या लेखी धंद्याचा मालक बदलला. तेव्हापासूनचा कर तुमच्या नंबरावर भरायला हवा होता."

"भरला की मी. पावत्या आहेत."

"तो काकांच्या नंबरावर गेला. माणूस गेल्यावर त्याला पुढचे हप्ते नसतात. त्यामुळे काकांच्या खात्यात नको तेवढे पैसे पडून आहेत आणि तुमचं खातं रिकामं. म्हणून तुम्हाला दंड."

वहिनीने जरा विचार केला. "म्हणजे पैसे सरकारजवळच आहेत?"

"हो."

"आणि सरकार मलाच विचारतंय, पैसे कुठायत म्हणून?"

बाईंना हसू आले. "तसंच म्हणा."

"मग या खिशातले त्या खिशात टाका म्हणावं त्यांना."

"टाकतील ना. पण त्याआधी काकांचं शेवटचं विवरणपत्र द्यावं लागेल. वारस म्हणून तुम्ही सही करायची. ते मंजूर झालं की जादाचे पैसे तुम्हाला परत, त्यातून तुमचा कर भरायचा. दंड माफ करा असा अर्जही देऊ. घरात असं काही घडलेलं असलं तर ऐकतात." मग त्या म्हणाल्या, "काकांचा नंबर मात्र कायमचा बंद होईल."

त्यांनी कागद पुढे केला. दादाचे नाव छापलेले होते. त्याच्या अलीकडे 'मयत' असे लिहायचे आणि खाली सही करायची. वहिनीने पेनाचे टोपण काढले, कागदाकडे बघितले आणि टोपण परत लावले.

"उद्या येते," ती म्हणाली.

ती उद्या काही उजाडली नाही. आधी म्हणाली, काम फार आहे. मग म्हणाली, चष्मा बदलायचाय. सल्लागार बाईंनी शेवटी मलाच फोन केला. "ताई, त्यांना समजावा हो. दंड रोज चढतोय." तिकडे तिन्ही हप्त्यांचे पैसे अडकल्यामुळे वहिनीचा हात आखडला होता. तयार दातांच्या पेट्या ज्या व्यापाऱ्याकडून यायच्या, त्याची उधारी थकली आणि त्याने माल द्यायचे बंद केले. दात नाहीत तर कवळी कशाची करणार? असेच चालले तर दंतवैद्य दुसरीकडे काम देतील, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

मी गेले तेव्हा ती उरल्यासुरल्या दातांतून एका रंगाचे दात निवडत बसली होती. दात सगळे पांढरेच असे आपल्याला वाटते. तिच्या लेखी पांढऱ्याचे कितीतरी रंग.

"सही का करत नाहीस?" मी विचारले.

"हात भरलेत."

"तेव्हापासून भरलेलेच आहेत का?"

तिने चिमटा खाली ठेवला. "बँकेतून ह्यांचं नाव काढलं, सही माझी. विजेच्या बिलावरून काढलं, सही माझी. धंद्याच्या परवान्यावरून काढलं, तिथंही मीच. सगळीकडून ह्यांना मीच बाहेर काढतेय गं. हा एवढा नंबर राहिलाय. तो असू दे ना एका कोपऱ्यात. कुणाला काय त्रास आहे त्याचा?"

दादा माझाही होता. पण माझ्यावर कुणी त्याचे नाव खोडायची पाळी आणली नव्हती. मनातल्या मनात देवाचे नाव घेतले आणि चहा टाकायला उठले.

चहा उकळत होता तेवढ्यात दार वाजले. एक बाई आत आल्या, तोंडाला रुमाल धरून. बालवर्गाला शिकवतात. खालचे-वरचे सगळे दात काढून झालेले, माप केव्हाच वहिनीकडे येऊन पडलेले.

"दवाखान्यात म्हणाले, तुमच्याकडंच अडलंय," त्या रुमालाआडून म्हणाल्या. "रागवायला नाही आले हो मी. पण मुलं फार द्वाड झालीत. मी गाणं म्हणायला लागले की पुढच्या रांगेतली पोरं फुंकर लागली म्हणून डोळे मिटून घेतात."

मला हसू आवरेना. त्या स्वतःही हसल्या, आणि हसताना रुमाल आणखी घट्ट धरला. वहिनी हसली नाही. त्यांच्या त्या हाताकडे बघत राहिली.

"बाई, हात खाली घ्या बघू," ती म्हणाली. "इथं कुणापासून लपवताय? माझा धंदाच हा."

त्यांनी हात खाली घेतला. वहिनीने त्यांना खिडकीपाशी बसवले, हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे वळवला, ओठांची ठेवण बघितली, जरा मोठ्याने हसायला लावले. "मिळतील तुम्हाला दात," ती म्हणाली. "चांगले देते."

त्या गेल्यावर तिने हात धुतले. चहा तसाच राहिला.

"ती बाई पोरांपुढं तोंड झाकून उभी राहते," ती म्हणाली, "का, तर मला एक सही होत नाही. चल."

सल्लागार बाईंच्या खोलीत तिने 'मयत' हा शब्द लिहिला. अक्षर दात बसवावा तसे, एकेक, जपून. सही केली आणि कागद स्वतःच उलटा करून ठेवला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, "ठेव थोडा वेळ."

राहिला होता दंडमाफीचा अर्ज. बाईंनी मजकूर तयारच ठेवला होता. तो त्या वाचू लागल्या. "पतीच्या निधनानंतर मला नियमाची माहिती नसल्याने, अजाणतेपणी, तिन्ही हप्ते..."

"तिन्ही नका लिहू," वहिनी म्हणाली.

"का?"

"पहिल्या दोन्ही वेळी मला खरंच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वेळी होतं. बँकेतली मुलगी म्हणाली होती, मावशी, हे गृहस्थ आता नाहीत ना, मग तुमच्या नंबरावर भरा. मी म्हटलं, पुढच्या वेळी."

बाईंनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितले. "काकू, हे त्यांना कुठून कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

खोटे बोलू नये हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि लेकरांनाही तेच सांगत आले. तरी खरे सांगते, त्या घडीला मला वाटले, हिने गप्प बसावे. तिसरा हप्ता सगळ्यांत मोठा होता.

"पण कळलं होतं तर भरलास कशाला त्या नंबरावर?" मी विचारले.

ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "लिहावंसं वाटलं गं. ती मुलगी सांगत होती ते सगळं समजत होतं. पण हातात पेन होतं, पुढं रिकामी जागा होती. ह्यांचं नाव लिहिलं, नंबर लिहिला. मुलीनं मान हलवली, पण शिक्का मारला. जिवंत माणसाचा मारतात तस्साच. पावती घेऊन घरी येईपर्यंत बरं वाटत होतं." मग बाईंकडे वळून म्हणाली, "त्या दोन हप्त्यांचा दंड सोडा म्हणावं. तिसऱ्याचा मी भरेन. तेवढा माझाच आहे."

बाईंनी अर्ज फाडला आणि नवा लिहायला घेतला. लिहिताना त्यांनी दोनदा नाक पुसले. सर्दी आहे म्हणाल्या.

शेवटच्या विवरणपत्राची पोच दाखवल्यावर, पैसे परत येणार हे बघून, दातांचा व्यापारी नरमला आणि एक पेटी सोडली. बालवर्गाच्या बाईंचे दात झाले. कर कार्यालयाचे उत्तर यायला पुष्कळ वेळ लागला. दोन हप्त्यांचा दंड माफ झाला, तिसऱ्याचा कायम राहिला. खरे बोलल्याबद्दल सूट वगैरे काही नाही. दादाच्या खात्यातले पैसे परत आले आणि तो नंबर बंद झाला. वहिनीने बँकेत जाऊन थकलेला कर आणि दंड भरला. स्वतःचा नंबर तिला कागदावर बघून लिहावा लागला. मी बरोबर होते. ती बाहेर येऊन पायरीवर जरा बसली. मीही बसले.

तिथून सल्लागार बाईंकडे गेलो, कारण नव्या वर्षाचे हप्ते ठरवायचे होते.

"काकू, आता अंदाज सांगा. यंदा किती काम होईल?"

मी धसकले. दादा गेल्यापासून वहिनी पुढचे काही बोलतच नव्हती. पुढच्या आठवड्याचे विचारले तरी "बघू" म्हणायची. आणि इथे सबंध वर्ष पुढ्यात मांडून ठेवायचे होते.

ती खिडकीबाहेर बघत बसली. मग बोटे दुमडायला लागली. "नेहमीचे दवाखाने आहेतच. पुलापलीकडं एक डॉक्टरीण नवी आलीय, तिनं दोन कामं पाठवलीत. साचे मलाच ओतावे लागतात, त्यात वेळ जातो. पण परवाचा बरा उतरला." तिने आकडा सांगितला.

बाईंनी वर बघितले. "हा गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे. जमेल?"

"कमी धरू आणि मग दंड भरत बसू?" वहिनी म्हणाली. "लिहा तुम्ही. लोकांचे दात काय पडायचे थांबणार आहेत?"