देणाऱ्याचं नाव सांगणारे मामा

कुणाकडून काही घेतलं आणि त्याचं नाव चारचौघांत सांगितलं नाही, असं माझ्या थोरल्या मामांच्या हातून जन्मात घडलेलं नाही. मुरबे या आमच्या खाडीकाठच्या गावात लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. गणपती असो, हळद असो, क्रिकेटचे सामने असोत, माइक मामांच्याच हातात. कुणी आरतीला कापराची पुडी दिली तरी त्याचं नाव बंदरापर्यंत ऐकू जाई. घरीही तेच. शेजारणीने वाटीभर जवळा दिला, तर पहिल्या घासाआधी मामांनी तिचं नाव अशा खणखणीत आवाजात घेतलं, की ती बिचारी लाजून दोन दिवस दिसलीच नाही. मामी म्हणायची, या माणसापायी कुणाकडे चिमूटभर मीठ मागायची चोरी झालीय.

अशा माणसाला एका उमेदवाराने आपल्या सगळ्या प्रचारसभांचं काम द्यायचं कबूल केलं. मामांचा अँप्लिफायर तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. हे काम टिकलं तरच नवा येणार, नाहीतर धंदा बंद, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली सभा मुरब्यातच होती. कारखान्यांचं घाण पाणी खाडीत येऊ देणार नाही, असं उमेदवार पोटतिडकीने बोलला. टाळ्या पडल्या. मग मामा सवयीने आभार मानायला उठले. सामान घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला विचारून त्यांनी सगळं कागदावर उतरवून घेतलं होतं. मंडप, खुर्च्या, टोप्या आणि सर्वांचा नाश्ता बोईसरच्या एका केमिकल कंपनीकडून, असं त्यांनी वाचलं, तेही कंपनीच्या पूर्ण नावासकट, प्लॉट नंबरसकट. वर 'मंडळ आपलं आभारी आहे' हेही जोडलं.

 तेवढ्यात पुढे बसलेली एक मासळीवाली म्हातारी उठली. "मंग साहेब, त्यांचाच पानी तुमी कसा अडवनार?"

 कार्यकर्त्यांनी मामांच्या हातातून माइक काढून घेतला आणि उरलेल्या सभाही. मी बोईसरला नोकरी करणारा, शहाणपण शिकवायला धावलो. म्हटलं, मामा, चुकून वाचलं म्हणून सांगा, काम परत मिळेल.

मामा वायर गुंडाळत होते. "चुकून कशाला? घेताना लाजला नाय, मंग सांगताना लाज कसली?"

कुठल्या कंपनीने कुठल्या पक्षाला काय दिलं, यावर मोठमोठी माणसं टीव्हीवर तावातावाने भांडतात. तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना माझ्या मामांची गोष्ट सांगतो. या माणसाचा भाचा असल्याचा मला फार अभिमान आहे.

नवा अँप्लिफायर काही आला नाही. मामांचा आवाजही आता बसलाय. परवा प्रचाराची रिक्षा दारावरून गेली, आत कुणीच बोलत नव्हतं, नुसतं रेकॉर्डिंग लावलेलं. मामा ओट्यावर कान देऊन बसले होते. रिक्षा वळणापार गेली, आवाज विरला, तरी ते तसेच. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "देनाऱ्याचा नाव सांगायचा रायला रे."