इनासची दोन बोटं

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा समोरच्या गणपतीचा एकच डोळा आखून झाला होता. एका डोळ्यावर मूर्ती सोडून उठायचं नाही, ही आमच्या पेणच्या कारखान्यातली शिस्त. दुसरा डोळा पुरा केला, कुंचला धुतला आणि मग भिंतीला टेकून बसलो. रडू आलंच, पण खरं सांगतो, त्याच्या आधी मनात आलं ते वेगळंच... आता याच्या चित्रांना नावं कशी ठेवायची? गेलेल्या माणसाचं सगळं चांगलंच म्हणावं लागतं.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की त्याचं गाव. चित्रकलेच्या वर्गात आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी मूर्तिकामात शिरलो आणि तो कंपनीत लागला. संध्याकाळी घरी आला की टॅबवर चित्रं काढायचा. लुगडं नेसलेली, डोक्यावर बांगड्यांची पाटी घेतलेली मरियामाता. वाळूत रुतलेली स्कूटर ढकलणारे फादर. मासळी वाळत घालून तशाच ओल्या पदरानं चर्चमध्ये गायला उभ्या राहिलेल्या बायका. रविवारी चर्चमधल्या मिस्साआधी ते चित्र गावभर मोबाइलवर पोचलेलं असायचं. माझं काम मात्र भाद्रपदात पाण्यात जायचं. कहर म्हणजे आमच्या हिनं मोबाइलवर त्याची मरियामाता लावली. घरात एवढे गणपती असताना ही का, विचारलं तर म्हणाली, "तिचे डोळे किती मायेचे हायेत."

ते डोळे माझे होते! एका उन्हाळ्यात इनास माझ्या शेजारी बसून शिकला होता. डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे, आधी पापणी, मग बुबुळ, आणि तेही जरा खाली झुकलेलं, म्हणजे पुढ्यात बसलेल्याला वाटतं की देव आपल्याकडंच बघतोय. शिकवलं मी, वाहवा त्याची.

सगळ्यांत जास्त जळलो ते त्याच्या दोन बोटांवर. टॅबवर रेघ चुकली की दोन बोटं टेकवायची, रेघ गायब. आमच्याकडं बुबुळ हललं की देव तिरळा. पुढं त्याला सवयच लागली. बोलण्यात काही चुकलं की समोरच्याच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवायचा. एकदा म्हणाला, "तुझे गणपती सगळे सारखेच दिसतात रे." माझा चेहरा बघून लगेच बोटं टेकवली, "घेतलं मागं." माझ्या मनातून काही ते गेलं नाही, कारण ते खरं होतं.

तो गेल्यावर काही दिवसांनी त्याची बायको, रोझीवहिनी, त्याचा टॅब घेऊन कारखान्यात आल्या. चर्चच्या सणासाठी काढलेलं चित्र होतं. पायऱ्यांवर अख्खं गाव, मधोमध मरियामाता, आणि तिचे डोळे कोरे. माझीच रीत. वहिनी म्हणाल्या, "भावजी, डोळे तुम्हीच काढा. दुसऱ्या कुणाचे त्यांना चालले नसते."

गुळगुळीत काचेवर पेन घसरत होतं. मी दोन बोटं टेकवत राहिलो, पुसत राहिलो, आणि शेवटी ती बघायला लागली.

सणाच्या दिवशी चर्चच्या दारात ते चित्र मोठं करून लावलं होतं. माझ्या पुढं उभ्या असलेल्या एका म्हातारीनं हात जोडले, डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "शेवटपर्यंत हात हलला न्हाय बघ इनासचा." वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हातारीच्या बोलण्याला मान डोलावली. तो जिवंत असताना जळलो नसेन एवढा त्या क्षणी जळलो... आणि तेव्हाच तो गेलाय हे मला खरंखुरं कळलं. त्याच्या घरी जाऊन भांडायला आता तोच नव्हता. (वहिनींना विचारूनच हे लिहितोय.)

आता पुन्हा आखणीचे दिवस आहेत. परवा एका गणपतीच्या पापणीची रेघ जाड झाली आणि माझी दोन बोटं आपसूक जाऊन तिच्यावर टेकली. रेघ गेली नाही. काळा रंग ओला होता, गालावर दोन ठसे उमटले. मालक म्हणाले, घासून पुन्हा रंगव. मी ती मूर्ती विकत घेऊन घरी आणली. ती पाण्यात जाणार नाही. माझ्या हातची टिकणारी ती एकच मूर्ती, आणि तिच्यावरही खूण त्याचीच.