बकरी नसलेला घोडेस्वार

माझ्या बायकोचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा. तेरवीला पोराने तोच मोठा करून आणला, काच बसवली, हार घातला. मी पाहिला आणि म्हटलं, ही कोण बाई आणली? फोटोवाल्याने "हलू नका" म्हणून दटावलं असेल तिला. इतकी भेदरलेली ती मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मला दटावणारी बाई ती! पाहुणे गेले तसा मी फोटो उतरवला आणि खाटेमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला. पोरगा म्हणे, वर्षश्राद्धाला लावूच. मी म्हणे, मी जिवंत आहे तोवर नाही. बापलेकाचं बोलणं तुटायला आलं.

शेवटी सूनच म्हणाली, "मामाजी, एक दिवस चिखलदऱ्याले जाऊन येऊ. घरात बसून बसून तुमी दोघंबी कडू झाले."

पहाटेच निघालो. आमच्या आष्टीकडे टेकड्या आहेत, पण परतवाड्याच्या पुढचा घाट चढल्यापासून त्यांना डोंगर म्हणायची लाज वाटते. गाविलगड किल्ल्याच्या दरवाजाखाली मी मान मागे टाकून उभाच राहिलो. दगडात सिंह, दगडात हत्ती, दोन तोंडांचा पक्षी. मी बांधलेला गोठा दोन पावसाळ्यांत कलला, आणि या लोकांनी आभाळाच्या बुडाशी एवढा दगड नेऊन उभा केला, तो अजून हलत नाही. वर तलाव, त्यात पाणी. इतक्या उंचीवर पाणी धरून ठेवणाऱ्याच्या डोक्याला हात जोडले मी.

पोरगा म्हणाला, "बाबा, बसा जराक."

"बसाले घरी खाट हाय."

उतरताना एका कोरकू आदिवासींच्या गावात थांबलो. असं गाव मी पाहिलं नव्हतं. घरं दोन रांगांनी समोरासमोर, मधला रस्ता झाडून लख्ख. भिंती शेणामातीने सारवलेल्या आणि खाली पांढऱ्या मातीचा पट्टा, दोरी लावून ओढल्यासारखा सरळ. माझ्या बायकोचा हातही सारवणात असाच चाले. तिला हे गाव दाखवायला पाहिजे होतं. तिने नक्कीच कुठेतरी खोट काढली असती.

गावाच्या कडेला झाडाखाली सागाचे कोरीव खांब रोवलेले होते. जवळ माझ्याच वयाचा एक म्हातारा दोर वळत बसला होता. त्याने सांगितलं, हे आमच्या मेलेल्या माणसांचे खांब, आणि हा माझ्या बापाचा. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. काम असं की लाकडातला घोडा आता निघतो की मग.

मी विचारलं, "तुमचा बाप घोड्यावर फिरे का?"

तो इतका हसला की त्याला खोकला लागला. "घोडा कहां का जी! बकरी भी नहीं थी."

"मंग घोडा काऊन कोरला?"

"सबका ऐसाच रहता."

"अन् तुमचा बाप कोणता, हे कसं समजते?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी खुळाच आहे. "मेरा बाप है. मेरेकू नहीं समजेगा?"

सून तोंड फिरवून हसली. मी त्या घोडेस्वाराकडे पुन्हा एकदा पाहून घेतलं. परतीच्या अख्ख्या वाटेत तोच डोळ्यांपुढे होता.

घरी आल्यावर हातपायही धुतले नाहीत. खाटेमागून फोटो काढला, धोतराने काच पुसली. ती तशीच भेदरलेली. पण नाकाजवळचा तीळ तिचाच होता. तो मी आधी पाहिलाच नव्हता, इतका रागावलो होतो.

"खिळा आण," मी पोराला म्हटलं.

तो दारातच थांबला. "बाबा, खरंच?"

"खरंच नाई तं का? ज्याच्यापाशी बकरी नव्हती तो घोड्यावर बसून राह्यला, तं तुही माय जराशी भेली म्हणून काय बिघडलं?"

तो हातोडी घेऊन आला. खिळा मात्र मीच ठोकला. त्याच्या हातून वाकडा जातो.