पांढऱ्या केसांची विहीण

माझी मावशी अंजना पारगावला राहायची. नवरा नानासाहेब साखर कारखान्यात कामाला, आणि मावशी घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची. ब्लाउज अंगाला बसतोय का ते गिऱ्हाइकाला बघता यावं म्हणून तिनं भिंतीला मोठा आरसा लावला होता. बायका त्याच्यासमोर घटकाभर उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. मावशी मात्र दिवसभर त्याच्यासमोर.

चाळिशी उलटली तसे तिचे केस भराभर पिकले. नानासाहेबांचं डोकं मात्र काळंभोर. दोन हजार तीन साली दोघं मंचरला गेली होती. एसटी स्टँडवर बाकावरच्या एका बाईनं सरकून मावशीला जागा दिली आणि म्हणाली, "बसा आजी. तुमचं पोरगं ऱ्हाईल हुबं."

पोरगं म्हणजे नानासाहेब! ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. घरी आल्यावर शेजारच्या साळुबाईलाही त्यांनी ते नक्कल करून सांगितलं. मावशी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शिलाई मशीन ओढून आरशाकडे पाठ येईल असं लावलं. तरी चैन पडेना. शिवता शिवता मान वळायचीच.

मग तिनं बाजारातून काळ्या रंगाची पुडी आणली. पहिल्यांदा लावला तेव्हा खरंच खुलून दिसली. पण थोड्याच दिवसांत भांगात पांढरी रेघ उमटली. पुन्हा रंग, पुन्हा रेघ. डोकं खाजायला लागलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हा रंग तुम्हाला सोसत नाही. परत लावलात तर जास्त त्रास होईल."

तिनं रंग बंद केला, पण ती सैरभैर झाली. ती पदर कपाळापर्यंत ओढून बसायची. विहारात वंदनेला गेली की मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. कुणी कॅमेरा काढला की हिला नेमकं चहाचं आधण आठवायचं. मी एकदा म्हटलं, "मावशी, पांढरं झालं तर झालं." तशी फणकारली, "तुझं काळं हायेत, तुला काय जातंय बोलाया?"

अशात कल्याणीला, म्हणजे तिच्या लेकीला, बघायला येडगावचे पाहुणे येणार असा निरोप आला. रविवारी. मावशीनं शुक्रवारी कुणाला न सांगता रंग लावला.

रविवारी सकाळी तिला डोळे उघडता येईनात. कपाळ सुजून भुवयांवर आलं होतं, कानामागून पाणी झिरपत होतं. नानासाहेब ओला टॉवेल घेऊन दारात उभे राहिले. "मी त्या दिशी हसाया नको व्हतं," ते म्हणाले.

"तुमी भाईर जा आधी. पाव्हणं येतील," मावशी म्हणाली. मग लेकीला, "त्यांना सांग, आई गावाला गेलीय."

"आज? मला बघाया आल्यात आन आई गावाला?" कल्याणी म्हणाली. "मी खोटं न्हाई बोलणार, आये."

पाहुणे आले. जय भीम झाला, पोहे झाले. मुलाची आई यशोधरा इकडंतिकडं बघत होती. "मुलीची आई दिसंनात?"

"तिला केसांचा रंग बाधलाय," कल्याणी सरळ बोलली. "तोंड सुजलंय म्हणून आत बसलीय."

यशोधरा बशी ठेवून उठली ती थेट आतल्या खोलीत. मावशीनं घाईनं पदर तोंडावर ओढला.

"काढा वो ताई पदर," यशोधरा खाटेवर बसत म्हणाली. "मी काय तुमाला बघाया आले न्हाई." मग आवाज खाली आणून, "कंचा रंग लावता?"

मावशीनं नाव सांगितलं.

"अगं बया! मी बी त्योच लावती."

मावशीला हसू आलं आणि हसल्यावर गाल इतका दुखला की रडूही आलं. बाहेर पुरुषांना कळेना, आत चाललंय काय.

लग्न ठरलं. टाळू बरी होईपर्यंत केस कमी करा, असं डॉक्टर म्हणाले. मावशीनं आपली कापडाची कात्री कल्याणीच्या हातात दिली. मानेपर्यंत केस उतरले. पुढचे काही महिने डोकं अर्धं पांढरं, अर्धं काळं; गिऱ्हाइकं टक लावून बघायची आणि मावशी त्यांच्यावर करवादायची. एकीला तर तिनं माप न घेताच परत पाठवलं.

लग्नात फोटोवाला म्हणाला, "मावशी, डोक्यावर पदर घ्या. लाइटीनं केस लई चमकत्यात."

तिनं पदर घेतला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, खाली सोडला. "असाच काढ," म्हणाली आणि ताठ उभी राहिली.

अल्बम आला तेव्हा कल्याणी माहेरी आली होती, मीही होते. मावशीनं बाकीची पानं भराभर उलटून आपला फोटो गाठला. कितीतरी वेळ बघितला.

"लई म्हातारी दिसती गं मी."

आम्ही दोघी फोटोवर वाकलो. खोटं काय बोलायचं?

"साडी मात्र बरी आलीय," ती म्हणाली, आणि पुन्हा तेच पान डोळ्यांजवळ धरून बघत बसली.