रविवारचं ‘तुम्ही’

माझा नवरा घरात बोलत नसे. रागीट नव्हता, घुमाही नव्हता. घरात बोलण्यासारखं काही असतं असं त्याला वाटतच नसावं. “भाजी कसली आहे?”, “गॅसचा नंबर लागला का?”, “आईचं पत्र आलंय”, एवढ्यावर आमचा आठवडा निघायचा. ठाण्याच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. दिवसभर टेबलावर वाकून रेघा मारायचा, घरी येऊन हातपाय धुवायचा आणि पेपर उघडायचा. मी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोकांची बोलणी जोडून देऊन माझेही कान किटलेले असायचे, त्यामुळे लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला या शांततेचं विशेष काही वाटलं नाही. आम्ही डोंबिवलीजवळ कोपरला राहायचो; आमच्या मजल्यावर ज्या घरांतून बोलण्याचे आवाज यायचे, ते बहुतेक भांडणांचेच असायचे.

मग तो रविवारी दुपारी बाहेर जायला लागला.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. डोंबिवली पूर्वेला एक निवृत्त सर्व्हेअर राहायचे. त्यांच्या मुलीचे शिकवणीचे क्लास होते आणि रविवारी दुपारी ती खोली रिकामी असायची. तिथे हे आजोबा फळ्यावर एक प्रश्न लिहायचे आणि जमलेल्यांनी त्यावर मनात येईल ते बोलायचं. तत्त्वज्ञान शिकलेलं तिथे कुणीच नव्हतं. एक औषधांच्या दुकानाचा मालक, बँकेतले दोघंतिघं, एक नर्स, एक शाळेतल्या बाई, असे सगळे. कारखान्यातल्या कुणीतरी माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा तिथे नेलं. परत आला तो चेहरा उजळूनच.

“काय होतं तिथे?” मी विचारलं.

“काही नाही. असाच एक विषय होता.”

“कुठला?”

“झोपेत आपण कुठे असतो.”

“कुठे असतो म्हणजे? अंथरुणात!”

तो हसला नाही. म्हणाला, “तिथे एक बाई येतात. त्याही हेच म्हणाल्या, पण जरा वेगळ्या तऱ्हेने.”

मी आमटीला फोडणी देत होते. मोहरी जळली.

त्यानंतर त्या बाई आमच्या घरात राहायलाच आल्या म्हणा ना. जेवताना मध्येच घास थांबवून तो म्हणायचा, “परवा बाईंनी एक छान मुद्दा मांडला,” आणि पुढे काहीच सांगायचा नाही. रविवारी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करायला लागला. मी मुलीला मांडीवर घेऊन वेणी घालत असायचे आणि तो आरशासमोर उभा राहून ओठ हलवत असायचा. आधी वाटलं स्तोत्र म्हणतोय. मग लक्षात आलं, बोलायची तयारी चाललीय. माझ्याशी बोलायला त्याला कधी तयारी लागली नव्हती, हा विचार मनात आला आणि मी वेणीचा पेड नको इतका घट्ट ओढला.

बाई दिसायला कशा असतील याचा मी फार विचार केला. खरं सांगायचं तर त्या सुंदर असत्या तर मला सोपं गेलं असतं. नवरा सुंदर बाईकडे बघतो यावर काय करायचं ते शेजारणींनी, आईने, मासिकांनी सांगून ठेवलेलं असतं. नवरा एखाद्या बाईचा मुद्दा मनात घोळवत घरी येतो, यावर काय करायचं ते कुणीच सांगितलेलं नव्हतं.

एका रविवारी मी म्हटलं, “मी पण येते.”

“तुला कंटाळा येईल गं.”

त्या एका वाक्याने मी साडी बदलली. मुलीला शेजारच्या काकूंकडे सोडलं आणि निघाले.

खोलीत शाळकरी पोरांची बुटकी बाकं होती. मोठी माणसं गुडघे वर काढून त्यावर बसलेली. फळ्याच्या कोपऱ्यात शनिवारच्या क्लासचं गणित तसंच होतं आणि खाली आजोबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: ‘दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळतं का?’ आजोबांनी मला नियम सांगितले. “इथे पुस्तकाचा दाखला द्यायचा नाही. स्वतःचं काय ते बोलायचं. आणि इथे सगळे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. लहान-थोर, नवरा-बायको, सगळे.”

बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. सावळ्या, उंच, केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडी. डोंबिवली पश्चिमेच्या एका जुन्या आगरी घरातल्या, लग्न न केलेल्या, नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. बोलण्यात गावचा हेल होता, आणि तो त्या लपवत नव्हत्या.

बराच वेळ लोक वाद घालत होते. नर्स म्हणाली, कळतं म्हणून तर आम्ही काम करू शकतो. औषधवाले म्हणाले, छे, कळलं असतं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडली असती. मग बाई बोलल्या.

“माझी आय मिठागरात जायची. तिच्या टाचांना भेगा पडायच्या, त्यात मीठ जायचं. घरी आली की पाय पाण्यात घालून डोळे मिटून बसायची. मी सात-आठ वर्षांची असेन. तिला काय होतं ते मला कळायला पाहिजे, असं डोक्यात बसलं. म्हणून मी बोटाला सुई टोचली आणि वर मीठ चोळलं.”

“मग?” हा आवाज माझ्या नवऱ्याचा होता. बाकावरून तो पुढे झुकला होता.

“मग काय. मला माझं दुखणं कळलं. तिचं नाही.”

माझ्या नवऱ्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात वावगं काही नव्हतं. कुणी साक्षीदार उभा केला असता तर त्यानेही तेच सांगितलं असतं. पण ती नजर मी कधी पाहिली नव्हती. “तुम्हाला त्या वेळी वाईट वाटलं की बरं वाटलं?” त्याने तिला विचारलं आणि उत्तरासाठी थांबला. नीट थांबला. मला काही विचारून तो असा थांबलाय, हे मला एकदाही आठवेना.

घरी येताना मी एकही शब्द बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मग मी दर रविवारी जायला लागले. तो खूष झाला, त्याला वाटलं मला गोडी लागली. मला फक्त त्या बाईंपेक्षा चांगलं बोलायचं होतं. एक्स्चेंजमध्ये दोन कॉलच्या मधे मी माझ्या लहानपणात असं एखादं मिठागर शोधत बसायचे. माझ्या लहानपणी काही घडलंच नव्हतं. सरकारी क्वार्टर, दोन भाऊ, वेळेवर जेवण. तिच्या आईच्या फुटलेल्या टाचांचासुद्धा हेवा वाटण्यापर्यंत माझी मजल गेली.

एकदा आजोबा म्हणाले, “पुढच्या वेळी प्रश्न तुम्ही लिहा.” पुढच्या रविवारी मी खडू घेतला आणि लिहिलं: ‘माणसाच्या सगळ्या सवयी माहीत असल्या, म्हणजे माणूस माहीत असतो का?’

हा प्रश्न कुणासाठी आहे हे त्या खोलीत एकाच माणसाला कळायला हवं होतं. त्याला कळलं नाही. तो उत्साहाने उभा राहिला.

“माझ्या मते हो. सवय म्हणजेच माणूस. बाकी आत काही वेगळं दडलंय ही आपली समजूत.”

“मला पटत नाही,” मी म्हटलं. “एखादा माणूस चहात साखर किती घेतो, कुठल्या कुशीवर झोपतो, कशाने त्याचं पोट बिघडतं, हे सगळं मला माहीत असेल. आणि तोच माणूस चार लोकांत बोलायला लागला की मला वाटेल, हा कोण?”

एक-दोघं हसले. बाई हसल्या नाहीत, माझ्याकडे बघत राहिल्या. नवरा क्षणभर अडखळला. मग म्हणाला, “तुमचा मुद्दा चांगला आहे. पण तुम्ही म्हणता तो माणूस घरातही तोच आहे. तुम्ही त्याला कधी विचारलं नसेल.”

तुमचा मुद्दा. तुम्ही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. एवढ्या लोकांत माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, “विचारलं होतं. तो म्हणाला, काही नाही, असाच एक विषय होता.”

आता मात्र त्याला कळलं. तो खाली बसला.

त्या आठवड्यात घरात आम्ही नेहमीपेक्षाही कमी बोललो.

काही दिवसांनी, मे महिन्यात, दुपारी दाराची कडी वाजली. बाई उभ्या होत्या, हातात कैऱ्यांची पिशवी. “घरच्या झाडाच्या आहेत वहिनी. लोणच्याला बऱ्या.” नवरा कामावर, मुलगी आजोळी गेलेली. मी सरबत केलं. आम्ही स्वयंपाकघरातच जमिनीवर बसलो. मी मनात म्हणत होते, आता काय आणखी हवंय हिला?

बाई ओट्याकडे, मिसळणाच्या डब्याकडे बघत म्हणाल्या, “एक सांगू? मला तुमचा फार हेवा वाटतो.”

“माझा?”

“बैठक संपली की मी घरी जाते. आय झोपलेली असते, भाऊ जमिनीचे दलाल घेऊन बसलेले असतात. जे डोक्यात चालू असतं ते दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायला लागतं. तुम्ही दोघं मात्र बोलत बोलत घरी येत असाल. मग जेवताना, मग गॅलरीत. किती छान.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती मनापासून बोलत होती. खरं सांगणं सोपं होतं. मी म्हटलं, “हो ना. संपतच नाही आमचं. मुलगी पण कंटाळते.”

हे म्हणताना जो आनंद झाला, तो आजही मला आठवतो. जे माझ्याकडे नव्हतं त्याचा तिला हेवा वाटत होता, आणि ते नसल्याचं तिला कळू न देणं एवढंच माझ्या हातात होतं. ते मी घट्ट धरून ठेवलं.

संध्याकाळी लाइट गेलेले. आम्ही गॅलरीत बसलो होतो. मी त्याला म्हटलं, “तुमच्या बाई येऊन गेल्या. त्यांना वाटतं, आपण घरी येऊन खूप बोलतो.”

“मग तू काय सांगितलंस?”

“हो म्हटलं.”

तो खूप वेळ गप्प राहिला. पण हे गप्प बसणं पेपरमागचं नव्हतं. मग म्हणाला, “मला घरी बोलायची भीती वाटते.”

“अहो, कसली भीती?”

“तिथे मी धीर या विषयावर बोललो, तर लोक ऐकून घेतात. तुला माहीत आहे, साहेबांपुढे माझी कशी वाचा बसते. वडील गेले तेव्हा मी हॉस्पिटलच्या गेटबाहेरच उभा राहिलेलो. आत तू गेलीस. तुझ्यासमोर मी काय म्हणून धीरावर बोलू? तू काही बोलणार नाहीस, पण तुला ते आठवेल.”

मला ते तेव्हाही आठवत होतं. मी नाकारलं नाही. म्हटलं, “आठवेल. पण मी ऐकेन.”

“बघू,” तो म्हणाला.

माझं समाधान झालं असं मात्र नाही. उलट, इतके दिवस एका बाईवर होता तो मत्सर त्या संध्याकाळी अख्ख्या खोलीवर पसरला. औषधवाले, नर्स, बँकेतली माणसं, ज्यांना माझ्या नवऱ्याचं काहीच ठाऊक नव्हतं, त्या सगळ्यांना तो मिळत होता. आणि सगळं ठाऊक असण्याची शिक्षा मला. आमच्या घरात त्यानंतर रोज चर्चा झडू लागल्या असंही झालं नाही. पण कधीमधी गॅलरीत तो एखादा प्रश्न टाकायचा, अंधाराकडे बघत, माझ्याकडे न बघता. मी घाईने उत्तर द्यायचे नाही. घाई केली की तो आत निघून जायचा, हे मी शिकले होते.

दोन-तीन वर्षांनी क्लास रविवारीही भरायला लागला आणि बैठक बंद झाली. बाईंच्या भावांनी जमीन बिल्डरला दिली. घर पाडलं, झाडही गेलं. बाई आईला घेऊन टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेल्या. आम्ही दोन हजार सालच्या सुमारास त्यांना भेटायला गेलो. मुलगी तोपर्यंत कॉलेजात होती, ती आली नाही. बाईंचे केस पिकले होते. त्यांची आई आतल्या खोलीत पलंगावर होती. तिने मला हाक मारून जवळ बसवलं आणि माझ्या हातावर हात ठेवून बराच वेळ कसलं कसलं सांगत राहिली.

बाहेर गॅलरीत ती दोघं बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण नवऱ्याचा आवाज कळत होता, त्या खोलीतला आवाज. मधेच तो थांबला, तिच्या उत्तरासाठी. इतक्या वर्षांनी, केस पांढरे झालेले असताना, माझा तो जुना मत्सर पुन्हा जागा झाला.

आजीला झोप लागली. मी तिचा हात हळूच खाली ठेवला. गॅलरीत दोनच खुर्च्या मावत होत्या. मी स्वयंपाकघरातलं लोखंडी स्टूल फरशीवरून खरखर ओढत आणलं, दोघांच्या मधे ठेवलं आणि त्यावर बसले.

“हं,” मी म्हटलं, “कुठवर आलात?”