भुऱ्याचे दहा दिवस

चार म्हातारी माणसं रोज सकाळी एकाच वेळी फिरायला लागली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात आणि कुठला कधीचा हे कुणालाच धड सांगता येत नाही. आमच्या हर्सूल तलावाच्या ग्रुपचंही तसंच आहे. त्यातले दहा दिवस तेवढे मला ओळीनं पाठ आहेत, कारण त्या दिवसांत मी सोडून सगळे वेडे झाले होते. मी जरा उशिरा झाले!

ग्रुप म्हणजे देशमुख, एसटीतले रिटायर्ड मेकॅनिक, बायको गेल्यापासून एकटे. शेख सर, गणिताचे मास्तर आणि देशमुखांचे तीस वर्षांचे शेजारी. मुलाकडं राहायला आलेले फुलंब्रीचे जाधवराव. आणि मी, सरकारी दवाखान्यातली रिटायर्ड नर्स, म्हणून सगळ्यांची सिस्टर. पाचवा मेंबर भुऱ्या, देशमुखांचा कुत्रा. आमच्यात वेळ पाळणारा तेवढा तोच.

*

एका सकाळी शेख सरांनी नेहमीसारखा भुऱ्याच्या गालाखाली हात घातला, "क्या हाल है मियाँ?" म्हणाले, आणि भुऱ्यानं तो हात कडकन धरला. नऊ वर्षांत जो कुणावर साधा गुरगुरला नव्हता, त्याचे दात खोल गेले.

मी सरांना नळावर ओढलं, चहावाल्याकडून साबण घेतला आणि पंधरा मिनिटं हात धूत राहिले. सर म्हणाले, बस करा, कातडी निघेल. मी म्हटलं, निघू द्या. धुता धुताच देशमुखांना विचारलं, भुऱ्याला यंदाची रेबीजची लस दिली ना?

देशमुख पट्टा धरून रस्त्याच्या कडेला बसले होते. "लसीचं सगळं ही बघायची," ते म्हणाले.

ही जाऊन दीड वर्ष झालं होतं. नळाखाली धरलेल्या हातापेक्षा मला त्या वाक्यानं जास्त घाम फुटला.

दवाखान्यात सांगितलं ते असं. सरांची इंजेक्शनं आजपासून सुरू. कुत्रा दहा दिवस बांधून बघायचा, त्याच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही. दहा दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रोग नव्हता. पिसाळला किंवा मेला, तर... ते वाक्य आमच्यापैकी कुणी कधी पूर्ण केलं नाही.

*

संध्याकाळी सरांचा मुलगा इम्रान देशमुखांच्या दारात उभा. बापाचा हात बघून त्याचं डोकं फिरलं होतं. कुत्रा उचलून न्यायला लावतो, नाहीतर तुम्हीच गंगापूरच्या रस्त्याला सोडून या, असं म्हणत होता. खरं सांगते, मी मनातून इम्रानच्या बाजूची होते.

देशमुख आत गेले, पान्यांच्या पेटीचं कुलूप घेऊन आले. ते भुऱ्याच्या साखळीला घातलं आणि किल्ली इम्रानच्या हातात ठेवली.

"धा दिवस ही तुझ्याजवळ ठेव. माझं मन फिरलं तरी मला सोडता यायचं नाय."

 इम्रान ती खिशात घालून गेला. देशमुखांनी ओसरीत साखळी पोचणार नाही इतक्या अंतरावर खुर्ची टाकली, आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवणखाण तिथंच सुरू झालं.

*

जाधवरावांच्या गावात पिसाळलेल्या कुत्र्याची परीक्षा एकच, ते पाण्याला भितं. त्यामुळं तिसऱ्या दिवशी ते तांब्या घेऊनच आले. भुऱ्यापुढं लांबून पाणी ओतायचं, तो प्यायला की "पेला!" म्हणून आम्हाला फोन करायचा. दहा वाजता पेला. साडेदहाला पेला. अकराला पेला. बाराच्या सुमाराला पुन्हा फोन आला.

"सिस्टर, त्यानं तोंड फिरवलं."

मी धावत गेले. शेख सर आधीच आलेले, एका हाताला बँडेज, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.  मी विचारलं, सकाळपासून किती पाणी पाजलं? जाधवरावांनी बादली दाखवली. बादली रिकामी होती! एवढ्या पाण्यानंतर मीही तोंड फिरवलं असतं. सगळे हसले, पण संध्याकाळी भुऱ्या पुन्हा पाणी पिईपर्यंत कुणी घरी गेलं नाही.

*

सहाव्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. भुऱ्यानं सकाळपासून अन्नाला तोंड लावलं नाही, दोनदा ओकला आणि पाय पसरून पडून राहिला. देशमुखांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि पलीकडून हॅलो आलं तसा माझ्याकडं दिला.

डॉक्टर आले, लांबूनच बघितलं आणि विचारलं, काल याला काय काय घातलं? देशमुख म्हणाले, रोजचंच, दूधभाकरी. मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. बांधून घातलेल्या जनावराची दया येऊन जाधवरावांनी मटणातली एक नळी आणि श्रीखंड आणलं होतं. शेख सरांनी भिंतीवरून खिमा दिला होता, "माझ्यामुळं कैदेत पडला बिचारा" म्हणून. आणि दुपारी कुणी नाही बघून मी वाटीभर शिरा ठेवला होता. मी! तीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांना डब्यावरून झापणारी.

डॉक्टरांनी आमच्याकडं असं बघितलं की चौघांनी मान खाली घातली. भुऱ्याला औषध दिलं, आम्हाला ओसरीची बंदी केली. भुऱ्याच्या ताटलीत नळी तेवढी तशीच पडली होती. तिला दातही लागला नव्हता. ती मी बघितली आणि उचलून टाकून दिली.

*

दहावा दिवस. डॉक्टरांनी भुऱ्याला उठवलं, चालवलं, डोळे बघितले. म्हणाले, शेख सरांना याच्यापासून भीती नाही. देशमुखांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि लहान मुलासारखे रडले. इम्राननं स्वतः कुलूप काढलं, आणि भुऱ्यानं त्याचा हात चाटला तेव्हा तोही रडला.

मग डॉक्टर म्हणाले, इतका गरीब कुत्रा चावला कशाला, ते आता बघू. दहा दिवस ज्या तोंडाला कुणी हात लावला नव्हता, ते त्यांनी उघडलं. जबड्याच्या आत लिंबाएवढी गाठ होती, हाडापर्यंत गेलेली. सरांचा हात नेमका तिच्यावर पडला होता. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचाही उपयोग नाही. मला ती न चावलेली नळी आठवली आणि माझाच राग आला.

*

त्यानंतर भुऱ्या पाच आठवडे होता. पातळ पेज प्यायचा. फिरायला यायचा तेव्हा आम्ही त्याच्या चालीनं चालायचो. मग पेजही जाईना. डॉक्टर म्हणाले, याला आता ठेवणं म्हणजे त्याचे हाल आहेत. देशमुखांनी दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या सकाळी स्वतःच फोन केला.

आम्ही सगळे ओसरीत होतो. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं आणि म्हणाले, दुखतंय त्याला, सुई टोचली की चावेल, तोंड पट्टीनं बांधून घ्या. देशमुखांनी पट्टी घेतली. दोनदा गुंडाळली आणि दोनदा सोडली. जाधवराव उठून फाटकाबाहेर गेले.

शेख सरांचे गुडघे वाकत नाहीत, तरी ते भिंतीला धरून खाली बसले. पट्टी बाजूला ठेवली आणि तोच हात भुऱ्याच्या हनुवटीखाली नेला. डॉक्टर घाईनं म्हणाले, सर, तोंड मोकळं आहे, हात काढा.

"राहू द्या, डॉक्टरसाहेब. आमचं मिटलंय."

भुऱ्यानं डोकं त्या तळव्यावर टेकवलं. देशमुख भिंतीकडं तोंड करून उभे होते. सरांनी वर न बघताच हाक मारली.

"देशमुख, इकडं फिरा. तो तुम्हाला शोधतोय."

देशमुख फिरले.