एका डोळ्यातले तीन कोंब

माझी मावशी द्राक्षाच्या मळ्यात छाटणी करते, मी तिच्या हाताखाली काड्या गोळा करते. एकतीस वर्षं एकच मळा, एकच कात्री. त्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही, आणि थंडी सरल्याशिवाय ती वेलीला हात लावत नाही. कुणी घाई केली की ऐकवायची, "लवकर कापलंस की वेल लवकर जागी होते, मग गारठ्यात सापडते. झोपलेल्या बाळाचं पांघरूण काढतं का कुणी?" तिची जीभ आणि कात्री, दोन्हींना सारखीच धार. तिच्यापुढे शहाणपणा पाजळायची आमची छाती नव्हती.

त्याच मावशीने गेल्या वर्षी पंधरा दिवस आधी कात्री चालवली. दूर राहणाऱ्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. विहिरीजवळच्या वेली मावशीने स्वतः लावलेल्या, त्या परक्या हाती द्यायच्या नव्हत्या. म्हणून तेवढ्या आटोपून ती गेली. नात झाली. मावशी हरखून परतली, तर काडीच्या पेरापेरावरचे डोळे फुटून बोटभर पोपटी कोंब आलेले. बाकीचा मळा अजून निजलेला. तिसऱ्या पहाटे कडाक्याचा गारठा पडला आणि दुपारपर्यंत ते कोंब शिजल्या भाजीसारखे काळे पडून लोंबू लागले.

मालक आले, बघून म्हणाले, "जुन्या झाल्यात, मावशी, या वेली. उपटून टाकू. सोमवारी मशीन बोलावतो."

एरवी मावशीने त्यांना फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी खालमानेने म्हणाली, "चूक माझी आहे, मालक. शिक्षा वेलींना कशाला?"

मग तिने कमरेच्या पिशवीतून ब्लेड काढलं आणि एक जळका कोंब बुडाशी अलगद कापला. "हे बघा. एका डोळ्यात तीन कोंब असतात. मधला थोरला आधी निघतो, तो गेला. हे कडेचे दोघं त्याच्या आडोशाला निजलेत." काळ्या डागाशेजारी टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका होता.

"फुटतील, पण द्राक्षं धरतील?"

"थोरल्याएवढी नाहीत. तीन आठवडे द्या. नाही जमलं तर उपटण्याआधी या वेली मी माझ्या हाताने तारांवरून सोडवीन."

मालकांनी मशीन बोलावणं पुढे ढकललं. मावशी रोज कामावर येई, पण विहिरीकडे फिरकत नसे. मला मात्र दिवसातून तीनदा पाठवी. बारा दिवस मी हात हलवत परतले. तेराव्या दिवशी पाच वेलींवर पोपटी टोकं दिसली. मी ओरडतच आले, तर म्हणते कशी, "नाचू नकोस. पानं येऊ देत. घड आहे की बाळी, ते कळल्याशिवाय काही खरं नाही."

बाळी म्हणजे तारेला विळखा घालणारा तंतू. तो पानासमोर, घडाच्याच जागी येतो. घड जिरला की हाती नुसती बाळी.

विसाव्या दिवशी ती माझ्याबरोबर आली, पण ओळीच्या तोंडाशीच थांबली. "तूच बघ गं. माझी हिंमत होत नाही."

मी कोवळी पानं बाजूला केली. पहिल्या फुटीला बाळी. दुसरीलाही बाळीच. तिसरीला चौथ्या पानासमोर कणीएवढ्या हिरव्या दाण्यांचा इवलासा झुबका होता.

"मावशी, घड!"

ती तिथेच पदरात तोंड घालून रडली. त्या हंगामात तिथे निम्मीच द्राक्षं आली, पण मशीन आलं नाही.

यंदा थंडी सरायच्या आधीच मालकांनी विचारलं, "मावशी, नातीचा वाढदिवस कधी?"

"छाटणीच्या तोंडावर मी कुठे जात नाही," मावशी फणकारली. "कानाला खडा लावलाय."

"जाऊन या. विहिरीजवळच्या वेली तुम्ही आल्याशिवाय कुणी कापणार नाही. थांबतील त्या."

मावशीने कमरेची कात्री काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"तेल घालून ठेव," ती म्हणाली. "आले की तुला शिकवते."